रोजच्या आडरस्त्यावरचे पक्षी कसे बघावेत?

नान्नजच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्यानं रुजू झालेल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्या सोलापुरातून बार्शी रस्त्यानं रोज स्कूटीवर ये-जा करतात. शेवटचे चार-पाच किलोमीटर सरळ उत्तरेला जाणारा आडरस्ता आहे, त्यावर फारशी वर्दळ नसते. तारांवर, बांधांवर पुष्कळ पक्षी दिसतात, पण गाडी थांबवली की उडून जातात. जमिनीवरचे तर सगळे एकसारखे मातकट वाटतात. दुर्बीण कोणती घ्यावी, माळढोक दिसेल का आणि शाळेतल्या मुलांना यात कसं घ्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुमच्या वाट्याला आलेला हा परिसर बघायला लोक पुण्या-मुंबईहून रात्रभर गाडी चालवून येतात, एक सकाळ फिरतात आणि परत जातात. तुम्ही मात्र त्या रस्त्यानं दिवसातून दोनदा जाणार, तेही तिन्ही ऋतूंत. म्हणून पहिलं वर्ष हाच रस्ता धरा. हिप्परगा, होटगीचा तलाव, उजनी हे सगळं पुढे होईलच. माळावरचा पक्षी ओळखताना पिसांच्या रंगापेक्षा त्याची जागा, त्याची वेळ आणि त्याची सवय जास्त उपयोगी पडते. या तीन गोष्टी नवनव्या ठिकाणी धावून कळत नाहीत. एकाच रस्त्यानं पुन्हा पुन्हा गेलं की आपोआप कळायला लागतात.

आता पक्षी का उडून जातात, ते सांगतो. रस्त्याकडेचे पक्षी धावत्या गाडीला सरावलेले असतात. ट्रॅक्टर, एसटी, दूधवाल्याची मोटारसायकल दिवसभर शेजारून जात असते. ते बिथरतात ते गाडी अचानक थांबली की, आणि त्याहूनही जास्त माणूस गाडीवरून उतरला की. त्यामुळे पक्षी दिसला की ब्रेक दाबू नका. लांबूनच वेग कमी करत या, त्याच्या अलीकडे गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि सीटवरून उतरू नका. हँडल पक्ष्याच्या रोखानं वळवायचं नाही, एकटक बघायचंही नाही. ओढणी किंवा स्कार्फ फडफडत असेल तर आवरून घ्या. पांढरे किंवा भडक कपडे टाळता आले तर उत्तम, पण त्यापेक्षा हालचाल कमी असणं महत्त्वाचं. मिनिटभर गेला की तोच पक्षी मान फिरवून पुन्हा आपल्या कामाला लागतो, आणि खरं बघणं तिथून सुरू होतं.

तुमच्या रस्त्याची दिशाही तुमच्या फायद्याची आहे. सकाळी उत्तरेकडे जाताना सूर्य उजवीकडे असतो, म्हणून डाव्या अंगाचे पक्षी उजेडात असतात. संध्याकाळी परत येताना सूर्य पुन्हा उजवीकडेच, त्यामुळे तेव्हाही डावीकडचेच पक्षी छान उजळलेले दिसतात. आपल्याला गाडी डावीकडेच थांबवायची असते. उजवीकडचा पक्षी सूर्याविरुद्ध काळा ठिपका दिसतो. तो ओळखण्यात वेळ घालवू नका. परतताना तो तुमच्या डावीकडे येईल.

वेळेची चिंता तर अजिबात करू नका. पक्षी बघायचे तर पहाटेच उठावं लागतं असं सगळे सांगतात. गाणाऱ्या पक्ष्यांसाठी ते खरं आहे. पण साडेनऊ-दहाला तुम्ही त्या रस्त्यावर असता तेव्हा थंडीच्या दिवसांत ऊन नुकतं तापू लागलेलं असतं, नाकतोडे हलू लागतात, जमिनीवरून गरम हवा वर चढू लागते आणि शिकारी पक्षी बाहेर पडतात. शाळा सुटल्यावर, साडेपाचच्या सुमाराला, भोवत्ये हे माळावरचे शिकारी पक्षी मुक्कामाच्या गवताकडे निघालेले असतात. म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही नेमक्या वेळेवर आहात. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की पहाटही आपसूक मिळते.

सुरुवात तारेपासून करा. तारेवरचा पक्षी पळून कुठे लपत नाही आणि त्याची बैठक स्पष्ट दिसते. उभा, ताठ, काळाभोर आणि शेपटीला चिमटा पडलेला असेल तर कोतवाल. हिरवा, सडपातळ, शेपटीच्या मधून सुईसारखी दोन पिसं निघालेला आणि सारखी झेप घेऊन त्याच जागी परतणारा तो वेडा राघू. जाडजूड, डोकं मोठं, बसलेला असताना तपकिरी-निळसर, पण उडाला की पंख निळेशार झळकवणारा तो नीलपंख. पांढुरका-राखी, खांद्यावर काळा डाग, लाल डोळा आणि तारेवर बसून शेपूट वरखाली करणारी ती कापशी. कापशी हवेत एका जागी फडफडत थांबते आणि मग पाय सोडून, पंख वर धरून टप्प्याटप्प्यानं खाली उतरते. हिवाळ्यात विटकरी पाठीची खरुची येते. तीही अशीच हवेत थांबते, पण शेपटीचा पंखा पूर्ण उघडून. या दोघींची गल्लत फार होते. रंग दिसला नाही तरी शेपटीकडे लक्ष दिलं तर पुरतं.

खाटीक नावाच्या पक्ष्याकडे मात्र जरा जास्त वेळ थांबा. कापशीपेक्षा लहान, डोळ्यावरून काळी पट्टी, चोच टोकाला आकड्यासारखी वळलेली. बाभळीच्या शेंड्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर एकटाच बसतो. तुमच्या रस्त्यावर मोठा राखी खाटीक, नकल्या खाटीक आणि छोटा गांधारी असे तीन तरी मिळायला हवेत. तो उडून गेला की तो बसला होता त्या बाभळीकडे किंवा काटेरी तारेकडे नीट बघा. काट्यात खोचलेला नाकतोडा, कधी सरडा, कधी उंदराचं पिल्लू सापडेल. शिकारी पक्ष्याची चोच त्याच्याजवळ आहे, पण घारीसारखे पकड घेणारे पंजे नाहीत. भक्ष्य धरून फाडायला पाय अपुरे पडतात, म्हणून तो ते काट्यात अडकवतो आणि चोचीनं ओढून तोडतो. उरलेलं तिथेच राहतं, पुढच्या खेपेला. मी अशा एका बाभळीखाली उभा राहून पाहिलंय: नाकतोड्याच्या मागच्या तंगड्या अजून हलत होत्या, काटा बरोबर मानेच्या मागून आरपार गेलेला होता, आणि खाटीक दुसऱ्या फांदीवर बसून चोच फांदीला दोन्ही बाजूंनी घासून साफ करत होता. त्या बाभळीची खूण लक्षात ठेवा. एकच खाटीक त्याच इलाख्यात दिवसेंदिवस राहतो.

आता तुमच्या मातकट पक्ष्यांकडे येऊ. ते एकसारखे दिसतात हे बरोबर आहे, कारण त्यांना तसंच दिसायचं असतं. उघड्या माळावर आडोसा नाही, अंडी जमिनीवर, वर घिरट्या घालणारे शिकारी. ज्याचा रंग मातीत मिसळतो तोच टिकतो. म्हणून रंग सोडा आणि चाल बघा. चिमणी टुणटुण उड्या मारते, चंडोल पायापायानं चालतो. चालता चालता शेपूट सारखी खालीवर करत असेल तर तिरचिमणी किंवा धोबी. डोक्यावर टोकदार तुरा असेल आणि पोट तांबूस असेल तर दख्खनचा चंडोल. हा फक्त मध्य भारतात आणि दख्खनेत सापडतो, जगात दुसरीकडे कुठे नाही. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून त्याला साईक्सचा चंडोलही म्हणतात. शेपटी विटकरी आणि टोकाला काळी असेल तर मुरारी.

आणि चिमणीपेक्षाही छोटा, पोट काळं, डोकं राखी, चेहऱ्यावर काळी-पांढरी रेघ असलेला एखादा पक्षी ढेकळावर दिसला तर तो डोंबारी चंडोलाचा नर. त्याच्यासाठी दहा मिनिटं मोडलीत तरी शाळेला उशीर झाल्याचं वाईट वाटणार नाही. तो फडफडत सरळ वर चढतो, मग पंख मिटून दगडासारखा खाली पडतो. जमिनीवर आपटतो की काय असं वाटतं तेवढ्यात पंख उघडून त्याच वेगानं पुन्हा वर उसळतो, पुन्हा पडतो, पुन्हा उसळतो. त्या प्रत्येक झेपेबरोबर एक लांबट शीळ ऐकू येते. शेवटी तो एखाद्या ढेकळावर उतरतो आणि पुन्हा मातीचा होऊन जातो. त्याची मादी अगदी साधी, चिमणीसारखी तपकिरी. तिला शोधायचं तर नराच्या आसपासची जमीन बारकाईनं बघा.

नांगरून पडलेल्या किंवा शेळ्या-मेंढ्यांनी चरून मोकळ्या केलेल्या तुकड्यावर धाविक शोधा. नारिंगी छाती, डोळ्यावरून मागे जाणारी काळी-पांढरी रेघ. तो चार पावलं पळतो, ताठ थांबतो, झटकन वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. ही चाल एकदा डोक्यात बसली की धाविक शंभर मीटरवरून ओळखता येतो. उंच गवतात तो मिळणार नाही, त्याला बोडकी जमीनच लागते. पखुर्डीही अशाच जमिनीवरची. ती पायाखालून भुर्रकन उडेपर्यंत दिसत नाही. पण सकाळी ऊन वर आल्यावर ती थव्यानं पाण्यावर येते, म्हणून रस्त्यालगत शेततळं किंवा ओढ्यात डबकं असेल तर आकाशाकडे लक्ष ठेवा. पिल्लं असली की नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो, तसाच उडत जातो आणि पिल्लं ती पिसं चोखून पाणी पितात. आपल्या जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात पिल्लं जगवायची त्याची ही रीत बघितली की त्या पक्ष्याबद्दल मनात वेगळाच आदर तयार होतो.

ऑक्टोबर ते मार्च हा भोवत्यांचा काळ. गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून, डुलत डुलत तरंगणारा लांब पंखांचा शिकारी दिसला तर तो भोवत्या. मध्य आशियातल्या, कझाकस्तानातल्या गवताळ प्रदेशातून ते येतात आणि इथे मुख्यतः नाकतोड्यांवर जगतात. नर राखी असतो. पंखांवर काळी आडवी पट्टी असेल तर माँटेग्यूचा, अगदी फिका आणि पंखांच्या टोकाला फक्त काळी पाचर असेल तर पांढुरका भोवत्या. माद्या तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरी पट्टी. त्या दोन जातींत फरक करणं जाणत्यांनाही जड जातं, त्यामुळे वहीत नुसतं ‘भोवत्याची मादी’ लिहा. संध्याकाळी ते एकत्र येऊन गवतात जमिनीवरच झोपतात. अशी जागा सापडली तर रस्त्यावरूनच बघा. एकदा कोणी त्यात मोटारसायकल घातली किंवा गवताला काडी लावली की ते ती जागा सोडतात.

हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे थवे दिसतील. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ज्वारी आपल्याकडे घरोघर खाल्ली जाते. तिचं कणीस दुधात असताना भोरडी तुटून पडते, तेव्हा गोफण घेऊन माचाणावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा राग अगदी रास्त आहे. त्याच्यासमोर थव्याचं कौतुक करू नका. पण तीच भोरडी बाकीच्या दिवसांत नाकतोडे आणि अळ्याही फस्त करते, हेही खरं. मार्चमध्ये पळस-पांगारा फुलला की फुलांतल्या मधावर येते. तेव्हा नराचा गुलाबी रंग खुललेला असतो, आणि एप्रिलअखेर सगळ्या परतीच्या वाटेला लागतात.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: जूनच्या तोंडावर काळा-पांढरा, तुरेवाला चातक तारेवर दिसेल, तो आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. पहिल्या पावसानंतर गवतातून लाव्यांची शीळ येऊ लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तारेवरच्या नीलपंखाकडे दोनदा बघा. छाती तपकिरी नसून पूर्ण फिकट निळी असेल तर तो युरोपीय नीलपंख, आफ्रिकेला जाता जाता थांबलेला.

माळढोकाबद्दल स्पष्ट सांगतो. त्याच्या आशेनं जाऊ नका. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी जाहीर झालं, तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते, शहरंसुद्धा आली होती. पुढे ते कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केलं. पण प्रत्यक्ष गवताळ माळ म्हणावा असा भाग नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटी अशा गावांच्या शिवारात तुकड्यातुकड्यांनी होता. पाणी आलं, ऊस-द्राक्षं आली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडताना त्याला समोरचं फार कमी दिसतं, आणि ऐनवेळी तारेखालून वळण घेणं त्याला जमत नाही. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याची संख्या एकदा घटली की सावरत नाही. २०११ पासून तो जगभरात अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि आज आपल्या माळावर तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. याचं दुःख मला रोज होतं. पण त्याच्यासाठी राखलेल्या गवतामुळे काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, भोवत्ये टिकले, हे तुम्ही रोज बघणार आहात. अभयारण्याच्या आत जायचं तर वनविभागाची परवानगी काढून जा. रस्त्यावरून बघायला कोणाची परवानगी लागत नाही.

यातूनच एक विनंती, कारण तुम्ही शाळेत आहात. ५ जूनला झाडं लावायचा कार्यक्रम येईल आणि कोणीतरी ‘तो पडीक माळ आहे, तिथे लावू’ असं म्हणेल. माळ पडीक नसतो. गवत हेच तिथलं जंगल आहे. तिथे गिरिपुष्प, सुबाभूळ लावली की सावलीत गवत मरतं, आणि झाडावर कावळे बसायला लागले की खालची अंडी वाचत नाहीत. झाडं शाळेच्या आवारात लावा, ओढ्याकाठी लावा, वस्तीजवळ लावा. माळ मोकळा ठेवा. हे मुलांना समजावून सांगणारा शिक्षक एखादाच भेटतो.

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बाजारात २० बाय ५० सांगून खपवतात, ती घेऊ नका. जितकी पट जास्त तितकं हाताचं थरथरणं जास्त दिसतं आणि नजरेत येणारा भाग कमी होतो. उडता पक्षी तिच्यात सापडतच नाही. चष्मा असेल तर डोळ्याजवळची रबरी कडा दुमडून किंवा आत फिरवून बघा, दुकानातच ते तपासा. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर ठेवायची आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्याला लावायची, एवढा सराव घरच्या गच्चीवर करा. कॅमेऱ्याची घाई नको. फोटो काढायच्या नादात पक्षी काय करत होता ते बघायचं राहून जातं. नोंदीसाठी वही बरी, किंवा फोनवर ई-बर्ड वापरा. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याचा प्रकार मात्र करू नका. विणीच्या दिवसांत नर आपला इलाखा राखायला खोट्या आवाजामागे धावत राहतो आणि घरटं उघडं पडतं.

घरट्यांचं तर फारच जपा. मार्चनंतर माळटिटवी रस्त्याच्या कडेलाच खडीत अंडी घालते. चोचीच्या मुळाशी लोंबणारी पिवळी कातडी, काळी टोपी, डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली तर समजा की अंडी जवळ आहेत, आणि आल्या पावली मागे फिरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. त्या उन्हात टिटवी अंड्यांवर उभी राहून सावली धरते, पोट भिजवून आणून अंडी गार ठेवते. तुम्ही फोटोसाठी पंधरा मिनिटं तिथे थांबलात तर अंड्यातलं पिल्लू शिजू शकतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंड्यांना हात लावणं गुन्हा आहेच, पण कायद्याआधी हे ऊन लक्षात ठेवा.

अंधार पडल्यावर परतत असाल तर त्या रस्त्यावर गाडी हळू चालवा. डांबर दिवसभराची ऊब धरून असतं आणि रातवा त्यावर येऊन बसतो. दिव्याच्या उजेडात आधी त्याचे लालसर चमकणारे डोळे दिसतात, पक्षी दिसत नाही. खूप रातवे असेच चाकाखाली जातात. ऊस गाळपाच्या हंगामात ट्रॉल्यांची रांग असते, तेव्हा वळणावर किंवा पुलावर थांबू नका.

‘काय बघताय बाई?’ असं गावकरी विचारणारच. दुर्बीण त्यांच्या हातात द्या. घरांकडे, विहिरीकडे ती रोखू नका, एवढं पथ्य पाळलं की कोणाला संशय येत नाही. मेंढरं राखणाऱ्यांना तर आवर्जून विचारा. टिटवी कुठे बसते, लांडगा कुठून उतरतो, पाण्यावर पखुर्ड्या कधी येतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

मुलांसाठी शनिवारची सकाळची शाळा सोयीची. दहा-बारा मुलांचा गट करा, मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधी सांगा, आणि सगळे रस्त्याच्या एकाच कडेनं चालतील असं ठरवा. शाळेच्या फाटकापासून विजेचे वीस खांब मोजून घ्या आणि दर शनिवारी त्या वीस खांबांमधल्या तारेवर कोण कोण बसलंय ते मुलांना मोजू द्या. नाव माहीत नसेल तर चित्र काढू द्या, शेपूट आणि चोच तेवढी नीट काढायला सांगा. एक मूल बांध बघेल, एक बाभळी, एक नुसतं आकाश. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्यातला पहिला दिवस मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, आणि ते १९३२ मध्ये याच सोलापुरात जन्मले. शेवटचा दिवस सालिम अलींचा. तोवर जुलैपासूनच्या शनिवारांच्या नोंदी मुलांच्या हातात असतील. त्यांचा तक्ता करून वर्गाच्या भिंतीवर लावा, आणि खरुची पहिल्यांदा कोणाला दिसली त्या मुलाचं नाव तारखेसकट त्यावर लिहा.